पानावरची श्री

...अन् वरून तो डबा मलेच म्हणते, तुमची पहिलीच ओळ चुकली! आता तुम्हीच सांगा, काय लिवलं होतं म्या पहिल्या ओळीत? शिवी लिवली होती? श्री लिवली होती! दोन्हीकून दोन-दोन उभ्या काड्या अन् मधात श्री. आपण काहीही लिवाले बसलो, मंग ते किराण्याची यादी असो का लग्नाची पत्रिका, पह्यले काय लिवतो? श्रीच लिवतो ना? आमच्या गुरुजीनं पाटीवर श्री काढल्याबिगर पेन्सिल पुढं नेऊ दिली नाही कधी, अन् हे मशीन, ज्याले ना माय ना बाप, ते मले लाल अक्षरात, अन् तेही इंग्रजीत, खाली एक ओळ टाकून सांगते का पहिली ओळ समजली नाही! बरं, समजली नाही तं विचार ना बाप्पा, गप काऊन बसते? पण जाऊ द्या. चवथी शिकेल बाई मी, मले काय समजते!

आता तुम्ही म्हणसान, सत्यभामाबाई, तुमचं अन् मशीनचं काय नातं? तुम्ही वांगे तोडा, मेथीच्या जुड्या बांधा. हाव, खरं हाये. तुम्हाले सांगते, ते मशीन मायं नाहीच. माया नणंदेचं हाये. पुष्पांजली. आम्ही पुष्पा म्हणो. माया मालकाची धाकटी बहीण. लग्न झालं, दोन सालात वापस आली, काऊन आली ते म्या विचारलं नाही अन् तिनं सांगितलं नाही, अन् त्यानंतर तेवीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर भांडलो. असं भांडण तं तुम्ही पाह्यलंच नसन! मिठावरून भांडलो, झाडूवरून भांडलो, एकदा तं पाऊस येईन का नाही यावरून भांडलो अन् पाऊस आल्यावर पुन्हा भांडलो. नणंद-भावजयीचं ते, त्यात नवल काय.

ती दुसरबीडहून देऊळगाव राजाले जाय रोज येष्टीनं, तिथं पत्रिका छापाच्या दुकानात टाईप करे. लग्नाच्या, वास्तूच्या, तेराव्याच्या. मंग एक दिवस एक जुनं लॅपटॉप घेऊन आली अन् म्हणते, "वहिनी, तुले भाजीपाल्याचं जेवढं समजते ना, तेवढं सारं मी लिवून ठेवते." म्या म्हणलं, "लिवून काय होते? मेथी का वाचाले येते?" म्हणे, "मेथी नाही येत, बाया येतीन." अन् आल्या हो! खरंच आल्या!

पण ते मशीन पाहा कसं. बाकीच्यायच्या कॉम्प्युटरात कसे फुलं असते, डोंगर असते, बोट लावलं का सरकते. हिच्या मशीनमंदी काळा पडदा अन् पांढरी अक्षरं. बस! अमावस्येले ज्वारी सांडल्यावानी. एडिटर म्हणे त्याले. ना चित्र, ना रंग, सारं काम बटनानं. हे बटन दाबून धर, ते दाब, मंग हे सोड, मंग ते. म्या म्हणलं, "पुष्पे, दुकानात रंगीत भेटत नव्हतं का?" तं कशी म्हणते, बोटं न थांबवता, "वहिनी, यात साधी अक्षरं राह्यते. हे पन्नास वर्षानं बी उघडते." पन्नास वर्ष! पन्नास वर्षाची तजवीज करून राह्यली होती बाई, अन् स्वतः पंचेचाळिसाव्या वर्षी...

राहू द्या ते. तं काय सांगत होती मी? हां. बाया. दर बुधवारी रातची भांडी झाली का मी सांगे अन् ती लिवे. वांग्याच्या शेंड्यात अळी गेली तं शेंडा कुठून तोडाचा, सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पेराच्या आंधी धने चपलेनं कितीक रगडाचे, असं सारं. अन् गुरुवारी सकायी ती तीन बटनं दाबे अन् नोंद इंटरनेटवर जाय, तिथं आमचं एक पान होतं. लोणारच्या बाया वाचत, चिखलीच्या वाचत, सव्वादोनशे बाया! खाली लिवत, "ताई, आमच्या पालकाले ठिपके पडले, काय करू?" अन् ही मले विचारे, अन् मी सांगे, अन् ही उत्तर लिवे, अन् "ताई, ताई" सारं तिलेच होय. मी म्हणो, "शेण मी कालवते अन् ताई तू?" हासे नुसती.

श्रावणात पुष्पाले कावीळ झाली. आठ दिवस. नवव्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली, ते झाकूनच.

अन् मी रडली नाही, हे आंधीच सांगून ठेवते, नाहीतं तुम्ही पुढं म्हणसान. गावातल्या बायायनं तोंडात पदर घेऊन लय पाह्यलं माया डोयायकडे. म्हणत असतीन, भावजय ते भावजयच. म्हणा.

पण त्या सव्वादोनशे बायांले कोण सांगणार? नंबर एकीचा बी नाही मायाजवळ. पाव्हण्यायले फोन गेले, दुकानात निरोप गेला, पण ह्या कुठं राह्यते, कोणाच्या कोण, मले काय मालूम? त्यायचं अन् आमचं भेटाचं ठिकाण एकच, ते पान. माया पोराच्या फोनवर ते पान उघडून पाह्यलं तं खाली रांग लागेल! लोणारच्या एक मनकर्णाबाई हाये, त्या दर गुरुवारी लिवते. "ताई, या हप्त्याची नोंद नाही आली?" पुढच्या गुरुवारी, "ताई, गावाले गेल्या का?" तिसऱ्या गुरुवारी, "ताई, आमचं काही चुकलं का?"

आता सांगा! चुकलं का म्हणते ती बाई! म्या मालकाले म्हणलं, "तुमची बहीण व्हती, तुम्ही लिवा." त्यायनं मशीनकडे पाह्यलं, मायाकडे पाह्यलं, अन् म्हणे, "मोटर चालू करून येतो." लाईन नव्हती तवा! कोणती मोटर चालू करून राह्यला हा माणूस?

मंग मीच बसली. चवथी शिकेल बाई मी, मले काय समजते! पण पुष्पाच्या बाजूले बसून सात वर्षं पाह्यलं होतं ना, बोटं कुठं जाते ते पाह्यलं होतं. उघडलं. एक बटन चुकीचं लागलं तं पडदा फाटला! मधातून! वरती एक नोंद, खाली तीच नोंद. म्या म्हणलं, झालं, एकाच्या वाटण्या झाल्या. मंग आठवलं, पुष्पा म्हणे, "काही बिघडलं का कंट्रोल अन् जी दाबाचं, वहिनी, सारं जागच्या जागी येते." दाबलं. नाही आलं. आणखी दाबलं. मंग म्या डबा बंदच केला, उघडला, तं आला जागच्या जागी. तिच्या कंट्रोल-जीपेक्षा मायं बरं.

अन् खबर लिवाले बसली खरी... पण तुम्हाले खोटं कायले सांगू, खबर नाही लिवली. मेथीची नोंद लिवली. हात तिकडंच गेला. वर श्री काढली, एक बोटानं, अन् खाली लिवलं का मेथी पेराले आता उशीर करू नोका, अन् बी दाट टाकू नोका. तीन बटनं दाबली. अन् मंग तीच ती लाल ओळ, पहिली ओळ चुकली! दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मेथी वावरात निघून आली, दोन पानावर आली, पण इंटरनेटवर काही उगवंना!

पुष्पाच्या दुकानात जीवन म्हणून हाये एक. तिच्या बाजूले बसून पत्रिका जुळवे. हे एडिटराचं खूळ दोघायचंच. त्याले फोन लावला. तो म्हणते, "मावशी, पहिली ओळ वाचून दाखवा बरं." म्या म्हणलं, "श्री." तो म्हणते, "तेच तं! पहिल्या ओळीत नोंदीचं नाव लागते मशीनले. दुसऱ्या ओळीत तारीख. ते पाहूनच ते पान बनवते. तुम्ही श्री टाकली तं त्याले नावच नाही सापडत. ती पुसून टाका, अन् पाठवा, जाते का नाही पाहा!"

पुसून टाका! पत्रिका छापणारा माणूस मले म्हणते, श्री पुसून टाका! म्या म्हणलं, "काऊन रे बाबा, बिना श्रीची चिठ्ठी कोणती राह्यते, तुले मालूम नाही?"

तुम्हाले तं मालूम हाये. पह्यले पोस्टकार्ड याचं मयताचं, कोपरा फाडेल राहे अन् वर श्री नसे. वाचता न येणारी म्हातारी बी वर पाहे, श्री नाही म्हणलं का तिथंच बसे भुईवर. मंग मी मेथीच्या डोक्यावरची श्री पुसू? जित्या मेथीच्या?

जीवन म्हणते, "बरं मावशी, लॅपटॉप देऊन ठेवा येष्टीच्या कंडक्टरजवळ, मी इथून टाकतो. मेथीची बी टाकतो, अन् ते... दुसरं बी टाकतो मीच." चांगला माणूस हाये, पण म्या म्हणलं, "नाही. घरचं मयत घरच्यानं सांगाव." अन् फोन ठेवला. अन् ठेवल्यावर ध्यानात आलं, पुष्पाच्या साऱ्या नोंदीवर तं श्री होती! दर बुधवारी मी म्हणो, "पह्यले श्री लिव." ती म्हणे, "लिवली." अन् पानावर दिसे, मोठी, ठसठशीत. मंग तिची श्री मशीनले कशी चाले? नणंदेची चालते अन् भावजयीची नाही चालत?

तवा म्या ते सेटिंगची फाईल उघडली, मशीननं काय कराचं ते पुष्पानं जिच्यात लिवून ठेवेल हाये ती. जीवननं सांगितलं होतं, "मावशी, ते सोडून काहीही उघडा." म्हणून तेच उघडलं.

बाप्पा! ज्वारीच्या कोठीत हात घातल्यावानी, तळच लागंना. इंग्रजी, कंस, कंसात कंस, कंसात कंस, शेवटी सात-सात कंस रांगेत उभे. पण मधात-मधात मराठी! पुष्पाचं मराठी. जीवनले विचारलं तं म्हणते, "ज्या ओळीच्या आंधी दोन अर्धविराम असते ना मावशी, ती ओळ मशीन वाचत नाही. ती माणसासाठी लिवून ठेवतात. काय केलं, काऊन केलं, ध्यानात राहाले."

मंग म्या तेवढ्याच ओळी वाचल्या ज्या मशीन वाचत नाही. एकेक अक्षर लावून. एका ठिकाणी लिवेल, "वहिनीले तारीख मराठी आकड्यातच लागते, मशीनले चालत नाही. चार दिवस लागले, आता चालते." आता पाहा! चार दिवस! अन् मले एका शब्दानं बोलली नाही, मी आपली मराठी आकडाच पाह्यजे म्हणून अडून बसे. दुसऱ्या ठिकाणी, "अक्षर मोठं केलं. वहिनीले चष्मा लागला, कबूल करत नाही." कोणी विचारलं होतं तुले? आणखी खाली, "वहिनी सांगते तसंच ठेवाचं, शुद्ध कराचं नाही. एकदा केलं तं तीन दिवस बोलली नाही." तीन नाही, चार दिवस बोलली नव्हती! तिथं बी खोटं! म्या तिथंच मोठ्यानं म्हणलं, "चार दिवस वो पुष्पाबाई, चार!" मालक दारात आले, पाह्यलं, अन् पुन्हा मोटर चालू कराले गेले.

अन् मंग ते सापडलं. "वहिनीले श्री लागतेच. समजावून थकली. म्हणून पान बाहेर जातानी वरून आपोआप लागते. तिनं सांगितली का मी नुसतं लिवली म्हणते."

म्हणजे सात वर्षं मले फसवत होती! मी म्हणो लिव, ती म्हणे लिवली, अन् लिवत नव्हतीच! खाली अंगात काही नाही अन् वरून टोपी! असा राग आला तुम्हाले सांगते, ती समोर असती तं त्या दिवशी घरात चूल पेटली नसती. उठली, पाणी प्याली, येऊन बसली. पुन्हा वाचलं. "समजावून थकली." कधी समजावलं होतं तिनं मले? आठवून पाह्यलं. असन समजावलं. मी ऐकलं नसन. चवथी शिकेल बाई मी, मले काय समजते...

तं म्या वरची श्री पुसली. मायावाली. तिचीवाली लागणार हाये म्हणून पुसली. पहिल्या ओळीत लिवलं, मेथी. दुसऱ्या ओळीत तारीख, मराठी आकड्यात. तीन बटनं. अन् गेली हो! पोराच्या फोनवर पाह्यलं, पान हाये, वर श्री हाये, मेथी हाये. अन् अर्ध्या घंट्यात मनकर्णाबाई हजर! "ताई! आल्या तुम्ही! किती दिवसानं! आता जिवात जीव आला."

तिच्या जिवात जीव आला, पण कोणाच्या भरवशावर! मायं असं झालं का मेलेल्या माणसाचा निरोप दिला म्या. मेथी बिथी राह्यली बाजूले. आता सांगाच लागते. त्याच दिवशी सांगाच लागते.

बसली. पहिल्या ओळीत नोंदीचं नाव लागते. काय नाव देऊ? कांद्याचं नाव कांदा, मेथीचं नाव मेथी. लिवलं, पुष्पा. खाली तारीख. खाली लिवलं, "आमची पुष्पा श्रावणात गेली. कावीळ झाली होती. लय हाल नाही झाले. घरात आता सुनं लागते. भाजीपाल्याचं काही अडलं तं विचारत जा." एवढंच. एवढ्यालेच दुपार गेली. पाठवाच्या आंधी पान कसं दिसन ते पाहाचं एक बटन हाये, ते दाबलं.

वर श्री.

लागली ना आपोआप! मयताच्या खबरीवर, मोठी, ठसठशीत! ज्या श्रीसाठी मी एवढे दिवस भांडली, ती आता जाईना! जीवनले फोन लावला, म्हणलं, "बाबा, आता ती काढून टाकाची हाये." तो म्हणते, "मावशी, पुष्पाताईनं तजवीज ठेवेल हाये त्याची. तारखेच्या खाली एक ओळ लिवा, श्री, मंग दोन टिंबं, मंग नाही. तेवढ्या एका पानावर लागणार नाही." अन् हळूच म्हणते, "दुकानात तेराव्याची पत्रिका आली का आम्ही पह्यले तेच करो, मावशी. वरची श्री काढून टाको."

एक ओळ. श्री, दोन टिंबं, नाही. यात काय कठीण हाये? श्री लिवली. दोन टिंबं दिले. अन् ना... तिथं बोट थांबलं. तुम्ही म्हणसान हे काय नाटक. असन नाटक. जिनं मायासाठी सात वर्षं चोरून श्री लावली, तिच्याच नावावरची ती मी माया हातानं काढू? दवाखान्यातून आणली तवा कुंकू मी लावलं नाही, कपडे मी बदलले नाही, बायायनं म्हणलं तुम्ही बसा, मी बसली. सारं दुसऱ्यायनं केलं. हे एक काम मायाकडे आलं, अन् तेही कोणतं, तं काढाचं!

नाही काढली. ती ओळ पुसून टाकली अन् म्हणलं, जाऊ द्या, रिवाज मशीनसाठी बनला हाये का? जिले वाचता येते ती खाली वाचन. अक्षरं हायेत ना. "गेली" लिवलं हाये ना, मोठ्या अक्षरात. तीन बटनं दाबली अन् डबा बंद करून वांग्यात गेली. संध्याकायपर्यंत वांगेच तोडले. जे तोडाचे नव्हते ते बी तोडले.

दिवेलागणीले पोराचा फोन हातात घेतला. पानाखाली लिवेल होतं तिघी-चौघीनं. पहिली चिखलीची कोणी, तिले मी ओळखत नाही. काय लिवलं असन तिनं? "ताई, पुष्पा तुमची गाय होती का? आमची बी गेल्या सालीच गेली. आठ दिवस अन्न गेलं नाही घशाखाली. मुकं जनावर, पण घरच्यावानीच."

गाय!

म्या म्हणलं, हे काय वाचून राह्यली मी? वर पाह्यलं. श्री. म्हणजे ज्यायनं वर पाह्यलं त्यायनं म्हणलं, श्री हाये, माणसाचं काही नाही. अन् खाली पाह्यलं. एवढ्या दिवसात मजकुराच्या खालची ती ओळ मी कधी पाह्यलीच नव्हती, मी आपली वरच भांडत होती. पानाच्या शेवटी मशीन आपोआप नाव लावते, लिहिणाराचं. बारीक अक्षरात लिवेल, "लिहिणार: पुष्पांजली." आता सांगा! घरातली पुष्पा त्या बायांले मालूमच नाही, त्यायची तं पुष्पांजलीताई, अन् ताई स्वतःच सांगून राह्यली का आमची पुष्पा गेली! वर श्री लावून, खाली सही करून!

हासू आलं हो. खरंच आलं. गोठ्यापाशी उभी होती, एकटी, अन् हासली. हासता-हासता ते दुसरंच सुरू झालं, जे श्रावणात झालं नव्हतं. मालक आले, या टाईमले मोटर चालू कराले नाही गेले. बाजूले उभे राह्यले.

सेटिंगच्या फाईलीत ते नाव एका ओळीत असन, दोन अर्धविरामाच्या आसपास. सापडन. तिथं सत्यभामा लिवलं का झालं, जीवन म्हणते, "मावशी, दोन मिंटाचं काम हाये." असन दोन मिंटाचं. करीन कधी तरी.

अन् फोनवर सर्वात खाली मनकर्णाबाईचं होतं. ती लोणारची म्हातारी असन, तिनं गाय-बिय काही विचारलं नाही. तिनं लिवलं होतं, "ताई, लय वाईट झालं. रडून घ्या. पण तुम्ही जेवत जा वेळेवर, तुमच्या जिवाले जपा, आम्हाले तुमच्याबिगर कोण हाये सांगाले."

जपा म्हणते! कोणाले म्हणते अन् कोणाच्या नावावर जाते! लय वेळ फोन हातात धरून उभी होती. खरं सांगाव, तं त्या म्हातारीले इतक्या लांब धरणार कोण? अन् खोटं तरी कसं सांगाव? मंग घरात येऊन डबा उघडला अन् एका बोटानं तिले उत्तर लिवलं, "जपते." खाली नाव आलं, पुष्पांजली.

आता काय, जपाव लागते.